‘बिल भरल्याशिवाय सोडत नाही म्हणतात’

प्रश्न : अपघातात मिस्टरांच्या मांडीचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. बिल ३ लाख ४० हजार. भावाकडून उसने घेऊन दीड लाख भरले. आता म्हणतात, बाकी भरा, नाहीतर सही केलेला कोरा चेक द्या, मगच डिस्चार्ज. ते रिक्षा चालवतात, मी शिवणकाम करते. दोघांचं मिळून वर्षाला अडीच लाख. मंगळसूत्र गहाण ठेवू का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : ताई, मंगळसूत्र गहाण ठेवू नका आणि कोरा चेक तर मुळीच देऊ नका. तो वटला नाही, तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी खटला मागे लागेल.

बिलापायी पेशंटला अडवून ठेवणं बेकायदा आहे. बाकी वसूल करायला हॉस्पिटलला दिवाणी कोर्ट आहे. तरीही अडवलं तर ११२ ला फोन करा.

पण एवढं बिल तुम्ही देणं लागता का, हे आधी बघू. ट्रस्टचं हॉस्पिटल धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना त्याला लागू होते. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तुम्ही दुसऱ्या गटात बसता. या गटाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नसतात. औषधं आणि मांडीत बसवलेला रॉड-स्क्रू हॉस्पिटलच्या खरेदी किमतीला धरायचे, छापील किमतीला नाही. आणि त्यातलाही काही भार, निम्म्यापर्यंत, हॉस्पिटल उचलू शकतं. त्यासाठी या दोन गटांबाहेरच्या प्रत्येक पेशंटच्या बिलातले दोन टक्के गरीब रुग्ण निधीत बाजूला काढलेले असतात. म्हणजे तुम्ही कोणाकडे दया मागत नाही आहात.

हे ॲडमिशनच्या खिडकीवरच सांगायला हवं होतं, याचा मला राग येतो. तिथे विम्याचं कार्ड विचारतात, तसं रेशनकार्डही विचारलं तर कितीतरी घरं सावकाराच्या दारात जाणार नाहीत.

आजच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या, रेशनकार्ड जोडा, पोच घ्या. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात लगेच अर्ज करा. बिल तपशीलवार मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजना तिथे आहे का, तेही विचारा. अर्ज घेतला नाही, तर पुण्याच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार द्या. आणि दीड लाखाची पावती जपून ठेवा. फेरहिशेबात ती रक्कम वजा करून घ्यायची आहे.