शुक्रपेशी मेदाम्ले वापरते का? एका प्रश्नाला उत्तर

आपण मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहात आणि आपला प्रश्न असा आहे की, वीर्यात फ्रुक्टोज ही साखर भरपूर असताना शुक्रपेशीला मेदाम्लांची (मेदाच्या घटक आम्लांची) गरज काय, आणि गरज नसेल तर मुंबईतील वंध्यत्व चिकित्सालयांत कार्निटिनच्या (मेदाम्ले वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या) गोळ्या का लिहून देतात. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही.

मानवी शुक्रपेशीची लांबी साधारण 50 ते 60 मायक्रोमीटर असते, परंतु तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीचे भाग, मायटोकाँड्रिया) केवळ मध्यभागातील आखूड पट्ट्यात गुंडाळलेल्या असतात. शेपटीच्या उरलेल्या लांब भागात ग्लायकोलिसिसची (ऑक्सिजनविना साखर तोडण्याच्या क्रियेची) विकरे, म्हणजे एन्झाइम, तंतुमय आवरणाला जखडलेली असतात, त्यामुळे एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन जिथे खर्च होतो तिथेच तयारही होतो. उंदरांत शुक्रपेशीपुरते असलेले यांपैकी एक विकर काढून टाकल्यावर तंतुकणिका ऑक्सिजन वापरत राहिल्या, तरी पेशींना पुढे पोहता येईना, असे 2004 मध्ये दिसून आले. तेव्हापासून ‘शुक्रपेशी साखरेवरच चालते’ हे मत बळावले. मला ते अर्धवट वाटते, कारण उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. घोड्याच्या शुक्रपेशी तर प्रामुख्याने तंतुकणिकांवरच अवलंबून असतात.

मानवी शुक्रपेशीच्या शेपटीतील प्रथिनांची यादी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत मेदाम्लांच्या बीटा-ऑक्सिडीकरणाची (मेदाम्ल दोन-दोन कार्बनांनी तोडण्याच्या क्रियेची) विकरे आढळली. शिवाय हा मार्ग एटोमॉक्सिर या रसायनाने अडवल्यास पेशींची हालचाल मंदावते, असेही दिसले. बाहेरून साखर मिळत नसताना पेशी स्वतःजवळचा मेद वापरू शकते, एवढे यातून म्हणता येते. पामिटिक आम्लाच्या एका रेणूपासून बीटा-ऑक्सिडीकरणाच्या 7 फेऱ्यांत ॲसिटिल-कोए या दोन-कार्बनी तुकड्याचे 8 रेणू मिळतात आणि ते पूर्ण जळाल्यावर एकूण निव्वळ 106 एटीपी तयार होतात. (जुन्या पुस्तकांतील 129 हा आकडा सेमिनारमध्ये लिहू नका, आमच्याकडे तोंडी परीक्षेत तो अजूनही ऐकू येतो.) हे लांब साखळीचे मेदाम्ल तंतुकणिकेच्या आतील पटलातून स्वतःहून जात नाही, त्याला कार्निटिनला जोडून आत न्यावे लागते. अधिवृषण (वृषणाला लागून असलेली, शुक्रपेशी परिपक्व होतात ती नळी) रक्तातील कार्निटिन ओढून घेऊन आपल्या पोकळीत प्रचंड प्रमाणात साठवते, आणि शुक्रपेशींना पोहण्याची क्षमता येते तीही तिथेच. कार्निटिनचे दुसरे काम जादा ॲसिटिल गट धरून ठेवण्याचे आहे, त्यामुळे ‘साठा आहे म्हणजे मेद जळतोच आहे’ असे म्हणणे घाईचे ठरेल.

मात्र शुक्रपेशीतील सर्वच मेदाम्ले इंधन नव्हेत, आणि चर्चेत नेमके हेच निसटते. तिच्या पटलात डोकोसाहेक्झेनोइक आम्लाचे प्रमाण मोठे असते. 22 कार्बन आणि 6 दुहेरी बंध असलेल्या या आम्लामुळे पटल लवचीक राहते, परंतु त्याच बंधांमुळे ते ऑक्सिजनच्या मूलकांना (अतिक्रियाशील रूपांना) सहज बळी पडते. पेशीद्रव्य अत्यल्प असल्याने संरक्षक विकरेही तुटपुंजी असतात आणि बिघडलेले पटल नव्याने घडवण्याची सोय जवळपास नसते. तंतुकणिकांचा श्वसनमार्ग हाच अशा मूलकांचा एक उगम असल्याने, जास्त मेद जाळणे म्हणजे पेशीचे भलेच, असे गृहीत धरता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे मानवी शुक्रपेशींची हालचाल थांबते, हे संशोधक मॅक्लाउड यांनी 1943 मध्येच दाखवले होते.

आता गोळ्यांविषयी. तर्क सरळ दिसतो, पण पुरावा डळमळीत आहे. काही छोट्या चाचण्यांत हालचाल सुधारलेली दिसली; उलट 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत कार्निटिनसह क व ई जीवनसत्त्वे, सेलेनियम, जस्त इत्यादींचे मिश्रण 3 महिने देऊनही वीर्याच्या निकषांत सुधारणा आढळली नाही. रक्तातून गोळीचे कार्निटिन अधिवृषणात कितपत पोहोचते, हा आधी विचारायचा प्रश्न आहे, कारण तिथला साठा मुळातच रक्ताच्या कितीतरी पट असतो. आपल्या नात्यातील कोणी या गोळ्या घेत असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना उद्देश विचारावा आणि पुन्हा तपासणी किमान 3 महिन्यांनी करावी. शुक्रपेशी तयार होण्यास सुमारे 74 दिवस आणि अधिवृषणातून पुढे सरकण्यास आणखी काही दिवस लागतात, त्याआधीचा अहवाल गोळ्यांविषयी फारसे काही सांगू शकत नाही.