कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कोरलचे (समुद्री प्रवाळाचे) तीन टँक लावायचे आहेत, आधी काय घ्यावं?

तुमचा बेत असा दिसतो: तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, हॉलमध्ये चार फुटी मोठा टँक, शेजारी मऊ कोरलसाठी दोन फुटी आणि तुकडे वाढवायला एक उथळ फ्रॅग टँक. प्रश्न असा की आधी टँक घ्यावेत की लाइट. माझं ऐकाल तर दोन्ही थांबवा. पाणी, वजन आणि वीज यांचा हिशेब कागदावर मांडा, टँकची ऑर्डर शेवटी द्या.

आणि टँक तीन असले तरी पाणी एकच ठेवा. तिन्हींचं पाणी खालच्या एका संपमध्ये (खाली ठेवलेल्या साठवण-टाकीत) उतरेल आणि तिथून पंपाने परत वर जाईल, अशी जोडणी करा. मग स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, चिलर (पाणी गार करणारं यंत्र), टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर घालणारी सोय) सगळं एकदाच घ्यावं लागतं. तपासण्याही तीनदा कराव्या लागत नाहीत. पण मोठा फायदा स्थिरतेचा आहे. शंभर लिटरच्या सुट्या टँकमध्ये क्षारता आणि तापमान दिवसभरात वरखाली होत राहतं, सातशे लिटरच्या साठ्यात ते सहसा जागचं हलत नाही. तोटा एकच, पण मोठा: एका टँकमध्ये कीड शिरली की ती तिन्हीकडे पोचते. त्याबद्दल खाली लिहितो.

आता सातशे लिटरचं वजन बघा. समुद्राच्या पाण्याचा लिटर साधारण १.०२५ किलो भरतो. त्यात काच, स्टँड, दगड धरले की सगळा पसारा टनाच्या आसपास जातो. भारतीय मानकात राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून डिझाइन करतात, आणि तुमच्या चार फुटी टँकच्या पायाखाली याच्या कितीतरी पट भार येणार. स्लॅब भार पसरवून घेतो म्हणून लगेच काही कोसळत नाही, पण टँक भिंतीलगत, बीमवर, शक्यतो कॉलमजवळ हवा. एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. बंद करून घेतलेल्या बाल्कनीत तर चुकूनही नको. तो स्लॅब बाहेर झुलता असतो, वर पश्चिमेचं ऊनही तिथेच येतं.

संपचं माप पुण्यात गुरुवार डोळ्यापुढे ठेवून ठरवावं. दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचा आपल्याकडचा ठरलेला वार! पंप बंद पडला की वरच्या टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून ते संपमध्ये सांडतं त्या तोंडाच्या) पातळीपर्यंत खाली उतरतं. तुमच्या तीन टँकचं मिळून क्षेत्रफळ साधारण १५ चौरस फूट होईल. पाणी फक्त एक इंच उतरलं तरी ३५ लिटर झालं, वर पाइपांमधलं वेगळं. एवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. पाणी परत वर आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर सायफन सुरू होऊन टँक आणखी रिकामा होतो. म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली त्या पाइपला एक बारीक भोक पाडतात. तेवढी हवा शिरली की सायफन तुटतो. मीठ टाकण्याआधी साध्या पाण्यावर हे करून बघा: पंप बंद करा, संपमधली पातळी जिथे थांबेल तिथे मार्करने रेघ ओढा, आणि रेघ काठाच्या चांगली खाली आहे ना ते पाहा. त्या भोकात शेवाळ बसतं, अधूनमधून टूथपिक फिरवावी लागते. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा छोटा पंप) एवढेच ठेवा. पाणी हलतं राहिलं तर ऑक्सिजन टिकतो, लाइट काही तास नसले तरी चालतं.

पाण्यासाठी घरचा प्यायचा आरओ चालणार नाही. चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम राखलेले असतात. आपल्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य हवा, म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लागेल. सोसायटीला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर रेझिन लवकर संपतं, तो खर्च आधीच धरा. मीठ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला २५ किलो. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर महिन्याला आणखी दहा किलो. अलिबागहून कॅन भरून आणायचा मोह होतो, पण किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता उतरते. सोडून द्या.

तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचं. तिशीच्या वर गेलं की कोरल पांढरं पडायला लागतं. एप्रिलमधली आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात. पण बाष्पीभवन वाढतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून ऑटो टॉप-अपला शून्य टीडीएसचंच पाणी द्यायचं. दमट हवेत पंखा फारसा उपयोगी पडत नाही. तीन टँक आणि त्यांचे लाइट असताना चिलर टाळता येईल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या खरेदीच्या यादीतली अ‍ॅक्रोपोरा आणि हॅमर ही दोन दगडी कोरल. दगडी कोरल, म्हणजे सगळे स्क्लेरॅक्टिनिया, सी फॅन, फायर कोरल हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशातून आलेल्या दगडी कोरललाही सायटिसची (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची) कागदपत्रं लागतात. दुकानदार काहीही म्हणो, तुमच्या यादीतून ते काढा. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. लाइव्ह रॉकऐवजी (समुद्रातल्या, जीव असलेल्या दगडांऐवजी) सिरॅमिकचे किंवा कृत्रिम कोरडे दगड घ्या. मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया या मऊ प्रकारांची नावं त्या अनुसूचीत नव्हती. तरी आजची अनुसूची बघून आणि पक्कं बिल घेऊनच खरेदी करा. यात तुमचं नुकसानही नाही. मऊ कोरलला ५० ते १५० पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) एवढा प्रकाश पुरतो, म्हणजे महागडे लाइट टळले. लेदर पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायनं सोडतं, तेवढ्यासाठी संपमध्ये कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) ठेवा.

नायट्रोजन सायकलला, म्हणजे नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला, चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत काही टाकायचं नाही.

राहिली कीड. नवं कोरल आधी वेगळं ठेवायला जोडणीबाहेरचा एक छोटा क्वारंटाइन टँक ठेवा. त्याची जाळी, बादली, पाइप सगळं वेगळं, टँक शक्यतो दुसऱ्या खोलीत. आयप्टेशिया नावाचं तपकिरी झुबका असलेलं अ‍ॅनेमोन तुकड्याच्या बुडाशी चिकटून येतं आणि किंचित भाग उरला तरी परत उगवतं. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असा दगड साफ करायला उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, वाफेतून अख्ख्या घराला विषबाधा होऊ शकते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर फ्रॅग टँकवर घट्ट झाकणही लागेल. हॉलचं माप आणि बीम कुठून जातो ते लिहा, पाइपांची मांडणी सुचवतो.