गाठीचा अहवाल आधी, औषधाचे नाव नंतर

प्रश्न : माझी धाकटी बहीण ४४ वर्षांची आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि रेडिएशन असे सर्व उपचार झाले. आता पाठदुखीचे निमित्त होऊन तपासणी केली, तेव्हा तो मणक्यांत आणि यकृतात पसरल्याचे आढळले. डॉक्टरांनी मात्र किमो न देता गोळ्या सुचवल्या आहेत. आजार इतका वाढलेला असताना नुसत्या गोळ्यांवर विसंबणे योग्य आहे का? आणि सध्याचे सर्वांत नवे औषध कोणते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पसरलेल्या स्तनकर्करोगात सर्वांत नवे औषध कोणते हा प्रश्न नंतर येतो, गाठ कोणत्या प्रकारची आहे हे आधी ठरावे लागते. त्यासाठी बायोप्सीच्या अहवालातील ईआर, पीआर (गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या) आणि हर-टू (पेशीवरील, वाढीला चालना देणारे एक प्रथिन) या तीन नोंदी लागतात, आणि तुमच्या पत्रात नेमक्या त्याच नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या आहेत, त्यावरून गाठ हार्मोनवर वाढणारी असावी असे धरून पुढचे लिहीत आहे. अहवालात तसे नसेल, तर हे उत्तर तुमच्या बहिणीला लागू होणार नाही.

अशा गाठीतील पेशींना विभाजन सुरू करण्यासाठी सीडीके-४ आणि सीडीके-६ या प्रथिनांची गरज असते. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब या गोळ्या ती प्रथिने अडवतात आणि त्या हार्मोनविरोधी औषधाच्या जोडीनेच दिल्या जातात. तुमच्या बहिणीची पाळी सुरू असल्यास बीजांडकोशांचे काम थांबवणारे इंजेक्शनही सोबत द्यावे लागते. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांवरच झालेल्या एका मोठ्या चाचणीत रायबोसिक्लिब घेणाऱ्या गटाचे मध्यमान आयुष्य ५८.७ महिने, तर केवळ हार्मोनविरोधी उपचार घेणाऱ्या गटाचे ४८ महिने भरले. मध्यमान म्हणजे निम्म्या स्त्रिया त्याहून अधिक जगल्या. तो आकडा कोणा एकीच्या आयुष्याची मुदत नव्हे.

किमो अधिक ‘जोरदार’ असते हा समज घरोघरी आहे आणि पूर्वी तो काही अंशी डॉक्टरांचाही होता. म्हणूनच ज्यांचा आजार वेगाने वाढत होता किंवा यकृत-फुप्फुसांत पसरून त्रास देत होता, अशा तरुण स्त्रियांना घेऊन या गोळ्यांची थेट दोन औषधांच्या किमोशी तुलना करण्यात आली. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यमान काळ किमोच्या गटात १२.८ महिने, तर रायबोसिक्लिबच्या गटात २१.८ महिने निघाला. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी हातचे राखून उपचार सुचवलेले नाहीत. अपवाद एकच महत्त्वाचा आहे : यकृताचे कार्यच कोलमडू लागले असेल, म्हणजे बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातील घटक) झपाट्याने चढत असेल, तर आजही किमोने सुरुवात करणे इष्ट ठरते.

तिन्ही गोळ्यांना एकाच मापाने मोजू नये. हाडे व यकृतापर्यंत पोहोचलेल्या आजारात पहिल्या टप्प्यावर दिल्यास आयुष्य वाढते, असा पुरावा रायबोसिक्लिबच्या बाजूने आहे. पाल्बोसिक्लिब आजार थोपवून धरते, परंतु त्याच्या मुख्य चाचणीत आयुर्मानातील फरक सिद्ध झाला नाही. असे असूनही आपल्याकडे पाल्बोसिक्लिब फार लिहून दिले जाते, कारण २०२३ च्या जानेवारीत त्याचे पेटंट संपले, अनेक भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि किंमत उतरली. दर महिन्याला घ्यायचे औषध पैशांअभावी मध्येच बंद पडण्यापेक्षा परवडणारे औषध नियमित चालू राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र ही निवड तुमच्यासमोर उघडपणे मांडली गेली पाहिजे. या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. पांढऱ्या पेशी घटतात म्हणून रक्ततपासणी चुकवू नये, रायबोसिक्लिबसाठी ईसीजी काढावा लागतो, अबेमासिक्लिबने जुलाब होतात. ग्रेपफ्रूट टाळावे, त्याच कुळातील पपनसही टाळावे, आणि नातेवाइकांनी आणून दिलेला कोणताही काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, यकृतातील गाठीची नव्याने बायोप्सी झाली आहे का? पसरलेली गाठ कधीकधी मूळ गाठीपेक्षा वेगळी निघते. हाडाचा तुकडा तपासण्यापूर्वी त्यातील कॅल्शियम काढावे लागते आणि त्या प्रक्रियेत ईआर, पीआर, हर-टूच्या चाचण्या बिघडू शकतात. त्यामुळे शक्य असल्यास यकृतातीलच नमुना घेतलेला बरा. दुसरी, बीआरसीए जनुकांची (ज्यांतील दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) रक्तातून होणारी तपासणी. त्यात दोष आढळल्यास ओलापॅरिब या गोळीचा पर्याय पुढे उपलब्ध राहतो. शिवाय हा दोष आईवडिलांकडून येतो, म्हणून तो निघाल्यास तुम्हीही स्वतःची तपासणी करून घेणे आवश्यक ठरेल, तुम्ही पुरुष असलात तरीही.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या जुन्या अहवालात हर-टू ‘१+, निगेटिव्ह’ असे लिहिले आहे. आता दोन प्रकारच्या किमोनंतर आजार पुन्हा वाढल्यावर नवे डॉक्टर ‘हर-टू लो’ म्हणून एक महागडे इंजेक्शन सुचवतात. मग आधीचा अहवाल चुकीचा होता का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अहवाल चुकीचा नव्हता, त्या वेळी त्या नोंदीला उपचाराच्या दृष्टीने अर्थ नव्हता. हर-टूवरील पहिले औषध, ट्रॅस्टुझुमॅब, अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले (त्याची भारतीय आवृत्ती बायोकॉनने २०१४ मध्ये आणली). ते ३+ (म्हणजे हर-टू भरपूर) किंवा फिश (हर-टूचे जनुक मोजणाऱ्या) चाचणीत पॉझिटिव्ह निघालेल्या गाठींवरच उपयोगी पडते, म्हणून बाकी सर्व ‘निगेटिव्ह’ या एकाच खान्यात जात. तुम्हाला सुचवलेले इंजेक्शन बहुधा ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन असावे. यात तीच ॲन्टिबॉडी (हर-टूला चिकटणारे प्रथिन) असून तिला किमोचे तीव्र औषध जोडलेले असते. पेशीवर हर-टू थोडे, म्हणजेच ‘लो’, असले तरी ॲन्टिबॉडी त्याला धरून आत शिरते, तिथे औषध सुटते आणि ते शेजारच्या पेशींतही झिरपते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी किमो घेतलेल्या ‘हर-टू लो’ रुग्णांत नेहमीच्या किमोने मध्यमान आयुष्य १६.८ महिने, तर या औषधाने २३.४ महिने मिळाले.

फायदा खरा आहे, तसाच धोकाही खरा आहे. त्या चाचणीत सुमारे १२ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांना सूज आली आणि काही थोडे त्यातच दगावले. या उपचारादरम्यान कोरडा खोकला किंवा जिना चढताना नवा दम लागला, तर घरातील कफ सिरप न देता त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. वेळीच औषध थांबवून स्टिरॉइड दिल्यास बहुतेकांची सूज उतरते. हृदयासाठी टू-डी इकोही ठरलेल्या अंतराने करावा लागतो.

खर्च लाखांत जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या औषधावरील सीमाशुल्क माफ केले, तरीही ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आलेले नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, परंतु ते योजनेच्या यादीतील उपचारांपुरतेच असते. म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे औषधाचे नाव सांगूनच विचारणा करावी. कंपनीच्या रुग्णसाहाय्य योजनेची चौकशी पहिल्या मात्रेपूर्वी करावी. दागिने किंवा जमीन विकण्याचा विचार असल्यास, दोन-तीन मात्रांनंतर स्कॅनमध्ये काय दिसले तर औषध चालू ठेवायचे आणि काय दिसले तर थांबवायचे, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

प्रश्न : माझ्या आईचा आजार पहिल्या तपासणीतच फुप्फुसात पसरलेला निघाला. डॉक्टर स्तनातील गाठ काढायला तयार नाहीत. मूळच काढले नाही तर औषध काय करणार? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हाच प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने ३५० स्त्रियांच्या चाचणीतून तपासला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तनातील गाठ व काखेतील गाठी काढलेल्या आणि न काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. पसरलेल्या पेशी आता स्तनातील गाठीवर अवलंबून नसतात. त्यांच्यापर्यंत रक्तातून औषधच पोहोचू शकते, आणि शस्त्रक्रियेमुळे ते औषध काही आठवडे लांबते. गाठ फुटून जखम झाली, रक्त येऊ लागले किंवा दुर्गंधीचा त्रास सुरू झाला, तर मात्र आराम मिळावा म्हणून शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन केले जाते, आणि तशी वेळ आल्यास ते मागण्यास संकोच करू नये.