आईचा अंगठा आणि आईची संमती

प्रश्न: माझी 76 वर्षांची आई दोन वर्षांपासून पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात आहे. तिला डिमेन्शिया आहे. तिच्या स्वकष्टार्जित फ्लॅटचे बक्षीसपत्र भाऊ स्वतःच्या नावे करून घेणार असून, त्यासाठी पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधक आश्रमात येणार आहेत. भावाकडे 2019 चे कुलमुखत्यारपत्रही (आईच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आहे. खर्च तो करतो, म्हणून आश्रम मला आईला भेटू देत नाही. काय करू?

उत्तर: ताई, दस्त नोंदला गेला की तो रद्द करायला दावा लावावा लागतो आणि त्यात वर्षे जातात. म्हणून हा आठवडा वाया घालवू नका.

उद्याच दुय्यम निबंधकांकडे लेखी हरकत द्या. सोबत आईचे निदान दाखवणारी डॉक्टरांची कागदपत्रे जोडा आणि पोच घ्या. दस्त करून देणारी व्यक्ती मनाने सक्षम दिसत नसेल, तर नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 35 नुसार नोंदणी नाकारता येते. पण एवढ्यावर विसंबू नका. नाव विचारले, 'सही तुमचीच ना?' म्हटले, आईने मान डोलावली, की काम उरकले असे होऊ शकते. म्हणून सोबतच दिवाणी न्यायालयात मनाईचा अर्ज हवा. इथे एक चूक हमखास होते: मुलगी 'माझा हिस्सा' म्हणून दावा लावते. आई हयात असताना तिच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये तुमचा हिस्सा नाही. दावा आईच्याच नावाने, तुम्ही तिच्या वादमित्र (तिच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती) म्हणून लावा (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 32, नियम 15). दाव्याची लिस पेंडन्स नोटीसही (फ्लॅटवर दावा चालू असल्याची सूचना) नोंदवा, म्हणजे पुढचा खरेदीदार 'मला माहीत नव्हते' म्हणू शकणार नाही.

आता मूळ मुद्दा. डिमेन्शिया आहे म्हणून आईला कुठलाच निर्णय घेता येत नाही, असे कायदा म्हणत नाही. करार अधिनियम 1872 चे कलम 12 इतकेच पाहते की दस्त करताना त्या व्यक्तीला तो समजत होता का आणि आपल्या हिताचा विचार करता येत होता का. एरवी गोंधळलेली व्यक्तीही शुद्धीच्या वेळी वैध दस्त करू शकते. आईने खरोखर समजून भावाला फ्लॅट दिला, तर तो तिचा अधिकार आहे. तुम्हालाही तो मान्य करावा लागेल.

आईला दस्त समजतो का, याची तपासणी मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाने, दस्ताच्याच दिवशी, त्याच दस्तापुरती करावी. 'प्रकृती ठीक' एवढ्या दाखल्याचा उपयोग नाही. अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, म्हणून सकाळची वेळ घ्या. चष्मा, श्रवणयंत्र लावलेले असावे. लघवीचा संसर्ग किंवा झोपेची गोळी यानेही माणूस भांबावतो, ते आधी तपासा. भाऊ खोलीत नको आणि तुम्हीही नको. उत्तरे आईच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. 'फ्लॅट दिला तर परत मागता येईल का?' यावर 'आपलाच आहे की, जातोय कुठे?' असे उत्तर आले, तर बक्षीस म्हणजे काय हे तिला समजलेले नाही.

कुलमुखत्यारपत्राची भीती बाळगू नका. देणारी व्यक्ती मनाने असक्षम झाली की ते संपते (करार अधिनियम, कलम 201). मात्र ज्यांना हे माहीत नाही, त्यांच्यापुरते ते चालूच राहते (कलम 208). म्हणून बँकेला आणि सोसायटीला आजच लेखी कळवा.

भेटीचे म्हणाल, तर आश्रमाचे बिल भरल्याने भावाला आईच्या संमतीचा मालक होता येत नाही. बक्षीसपत्र न कळणाऱ्या आईलाही 'लेक भेटायला हवी का' हे सांगता येऊ शकते. तिला विचारून तिचे उत्तर नोंदवावे, असे व्यवस्थापनाला लेखी सांगा. त्याच पत्रात भेट-नोंदवही, औषधांचा तक्ता आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. दाद लागली नाही, तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर तक्रार करा.

पुढच्या व्यवहारांसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 14 खाली मर्यादित पालकत्व (ठरावीक निर्णयांपुरता पालक) मागता येते. हा पालकही आईशी सल्लामसलत करूनच निर्णय घेतो. अर्जात मालमत्तेची पूर्ण यादी द्या आणि भावाला पक्षकार करा. त्याला वगळलेला अर्ज पुढे अडतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (हेल्पलाइन 15100) जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.