मुंबईत जुना वन बीएचके विकायचा आहे. बघायला येणाऱ्यांना काय आवडतं, काय खटकतं?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीतलं आईवडिलांचं घर विकायचंय, आणि एजंट म्हणतोय की आधी रंग, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करून घ्या, तीन-चार लाख घाला, मग बघा कसं गिऱ्हाईक लागतं ते. रंगाचं शेवटी सांगते. किचन आणि सीलिंग मात्र अजिबात करू नका.

मी या धंद्यातली नाही. पण जुलै २०२२ पासून पुढचे जवळजवळ नऊ महिने मुलुंड पूर्वेचं माझं माहेरचं घर मीच दाखवत होते. बाबा गेल्यावर आईला माझ्याकडे ठाण्याला आणायचं होतं. सवयीने वहीत टिपत गेले, म्हणून आकडा सांगता येतो: ४१ कुटुंबं येऊन गेली. इमारत १९८४ ची, तळ अधिक चार मजले, लिफ्ट नाही, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. करारात ५२५ चौरस फूट बिल्टअप (म्हणजे भिंती धरून), आतून टेप लावली तर ४२० च्या आसपास.

पहिल्या दहा-बारा जणांनंतर मला दार उघडायच्या आधीच निकाल कळायला लागला. जिन्यावरून. पहिल्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली आणि कुणीतरी "अजून एक आहे का?" म्हणालं, की मी चहाचं आधण उतरवायची. सोबत सासूबाई किंवा वडील असले की घराची परीक्षा तिथेच संपलेली असायची. वर येऊन ते सगळं बघणार, "छान ठेवलंय हो घर" म्हणणार, आणि "घरी बोलून कळवतो" म्हणून जाणार. 'छान ठेवलंय' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही परत फोन केला नाही. उलट जे आल्या आल्या "सिंकखाली गळतंय वाटतं" म्हणायचे, तेच दुसऱ्यांदा यायचे, कारण त्यांच्या डोक्यात खर्चाचा हिशोब सुरू झालेला असायचा. लिफ्ट तुम्ही काही बसवू शकणार नाही, त्यामुळे एजंटला फोनवरच मजला आणि लिफ्टचं स्पष्ट सांगायला लावा. निम्म्या चकरा वाचतात, तुमच्याही आणि त्यांच्याही.

आत आल्यावर बहुतेक पुरुष हॉलच्या खिडकीशी जातात आणि बायका थेट स्वयंपाकघरात. नळ सोडला जातो. अनुभवी बाई असेल तर ओट्याचा नळ चालू ठेवून बाथरूमचा सोडते, म्हणजे धार बारीक होते का ते कळतं. मग प्रश्न: पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टँकर मागवावा लागतो का. आमच्याकडे सकाळी ठरावीक वेळ आणि बाकी टाकीचं. हे आई इतकं सरळ सांगायची की पुढे कुणी खोदून विचारायचं नाही.

भांडुपहून आलेली एक मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. नळ बघून झाला, आणि ती ओट्यासमोर उभी राहून हातात काहीच नसताना पोळी लाटायला लागली. तीन-चार पोळ्या लाटल्या असतील. कोपरं किती वर जातात ते बघत होती. मग हॉलमध्ये बसलेल्या सासूला हाक मारली, "आई, जरा इकडे या." सासू आली, शेजारी उभी राहिली, दोघींनी एकमेकींना धक्का न लागता मागे वळून फ्रिजचं दार उघडता येतंय का ते करून बघितलं. ओटा साध्या काळ्या कडप्प्याचा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. त्याकडे दोघींनी बघितलंसुद्धा नाही. तुमचा एजंट म्हणतो त्या मॉड्युलर किचनचं हेच होतं. घेणारा ते तोडून स्वतःच्या मनासारखं करणार हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या दोन लाखांचे तो वीस हजारही धरत नाही.

संडास-बाथरूम वेगळं असेल तर एकत्र करू नका. आम्हालाही सल्ला मिळाला होता की 'मॉडर्न' दिसेल. चार माणसांच्या घरात सकाळी सगळ्यांना लोकल गाठायची असते, तेव्हा ते वेगळं असणं किती सोयीचं, हे बघायला येणारे आपणहून बोलून दाखवायचे. फक्त भारतीय भांडं असेल तर ते बदलून कमोड बसवा. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे हा मुंबईतल्या घरखरेदीतला मोठा मुद्दा आहे.

आता ओल. इथे आम्ही चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगते. बेडरूमच्या एका भिंतीला वरच्या बाथरूममधून ओल यायची. पोपडे धरलेले. आईने काय केलं, लोखंडी कपाट सरकवून त्यावर आणलं. मला पटलं नव्हतं, पण मी गप्प बसले. ऑगस्टमध्ये एक निवृत्त गृहस्थ आले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी कपाटाच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारला, खिशातून घराची किल्ली काढून भिंतीवर टकटक केलं, आणि एवढंच म्हणाले, "ताई, एवढ्या छोट्या खोलीत कपाट खिडकीच्या आड कुणी लावत नाही." त्यानंतर त्यांनी पाण्याबद्दल, कागदपत्रांबद्दल, कशाबद्दलच काही विचारलं नाही. भिंत दहा-पंधरा हजारांत दुरुस्त होणारी होती. पण एक गोष्ट लपवली म्हणजे आणखी चार लपवल्या असतील, असं त्यांनी धरलं, आणि मी त्यांच्या जागी असते तर तेच धरलं असतं.

मग वरच्या काकांशी बोललो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (म्हणजे तिच्या नियमांप्रमाणे) गच्चीतून गळत असेल तर खर्च सोसायटीचा आणि वरच्या घराच्या बाथरूममधून गळत असेल तर त्या सभासदाचा. काका आधी ऐकेनात, शेवटी निम्मा-निम्मा करून त्यांच्या बाथरूमच्या लाद्या काढून वॉटरप्रूफिंग केलं. कपाट मूळ जागी गेलं. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला मीच भिंत दाखवायची, "इथे ओल होती, हे काम केलं, ही पावती." लोक भिंतीला हात लावून बघायचे आणि पुढच्या खोलीत जायचे.

मुंबईतले मुरलेले लोक घर बघायला मुद्दाम पावसात येतात, हे लक्षात असू द्या. आणि आजही, इतक्या वर्षांनी, "२६ जुलैला इथे पाणी किती आलं होतं?" हा प्रश्न येतोच. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती पोरंसुद्धा विचारतात. खरं उत्तर द्या. खालच्या वाण्याला विचारून ते पडताळणार आहेतच.

उजेड आणि वारा आवडतो, हे सांगायला नको. पण अलीकडे लोक खिडकीतून दिसणारं आज न बघता उद्याचं बघतात. "समोरची बिल्डिंग जुनी दिसते, ती रिडेव्हलपमेंटला गेली की बावीस मजले उभे राहतील ना?" असं मला सहा-सात जणांनी विचारलं. माझ्या मावसभावाचं घर कांदिवलीला लिंक रोडवर आहे, तिसऱ्या मजल्यावर. मेट्रो सुरू झाल्यापासून जाहिरातीत 'मेट्रो दोन मिनिटांवर' आणि हॉलचा पडदा कायम बंद, कारण गाडीतली माणसं थेट त्यांच्या ताटात बघतात. त्याच्याकडे येणारे स्टेशन जवळ म्हणून खूश होऊन यायचे आणि पडदा सरकवला की चेहरा उतरायचा.

वास्तूवाले येणार. वाद घालू नका. आमच्याकडे एकाने फोनमधलं होकायंत्र हॉलमध्ये दाराशी धरलं, दार पश्चिमेला आलं, नाराज झाला. बेडरूममध्ये जाऊन पुन्हा धरलं तर तेच दार वायव्येकडे सरकलं. दोन्ही वेळा तो लोखंडाशेजारी उभा होता, आधी ग्रिलच्या दाराजवळ आणि मग त्या ऐतिहासिक कपाटाजवळ. मी तसं सांगितलं तर त्याला ते आवडलं नाही. पितृपक्षात मात्र फोन वाजणारच नाही, तेव्हा त्या पंधरवड्यात भाव पाडू नका. नवरात्र बसलं की पुन्हा सुरू होतं.

एक प्रश्न मला मनापासून आवडला नाही: "सोसायटीत कसे लोक आहेत?" विचारणाऱ्याला माणसांचा स्वभाव जाणून घ्यायचा नसतो. आडनावं आणि चुलीवर काय शिजतं ते हवं असतं. दर रविवारी आमच्या जिन्यात बोंबील तळल्याचा वास असतो. त्या वासाने दोन कुटुंबं खालूनच परत गेली, आणि एकाने वर येऊन हळूच विचारलं, "म्हणजे इथे चालतं ना आपलं?" मी दाखवण्याची वेळ रविवार सकाळचीच ठेवली. ज्याला चालणार नाही त्याने आत्ताच जावं.

पैशांचं बोलणं सोफ्यावर होतं आणि त्यात घरातलं बरंच काही बाहेर येतं. मुंबईत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर १ टक्का मेट्रोचा अधिभार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट. कोटीच्या घरात हे लाख रुपये झाले. एक नवरा उत्साहाने म्हणाला, "मग हिच्या एकटीच्या नावावर घेऊ." त्याची आई तोवर छान गप्पा मारत होती, ती एकदम पंख्याकडे बघायला लागली. बायको काहीच बोलली नाही, पण तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली, दोनदा. घर आवडलं होतं त्यांना. फोन आला नाही. याला तुम्ही काय करणार!

तुमच्या हातात असलेलं आणि सगळ्यात जास्त भाव मिळवून देणारं म्हणजे कागदांची फाइल. आमचं एक पक्कं गिऱ्हाईक याच्यापायी गेलं. शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर, आई नॉमिनी, आणि आम्ही समजत होतो की झालं. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने माझं आणि बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागितलं, म्हणजे आम्ही मुलींनी घरातला आपला वाटा आईला सोडल्याचा कागद. बहीण नागपूरला, तिला सुट्टी मिळेपर्यंत दोन महिने गेले. तुमच्याकडे वडिलांच्या नावावर घर असेल तर जाहिरात देण्याआधी हे उरका. मूळ करार, आधीच्या खरेदीची साखळी, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला), शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची शेवटची पावती, इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल: सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये लावून टेबलावर ठेवा. ओसी नसेल तर तेही आधी सांगा, कर्ज तिथेच अडतं. आणि सोसायटीने हस्तांतर शुल्क म्हणून वाट्टेल तो आकडा सांगितला तर मुंबईत कमाल मर्यादा २५ हजारांची आहे, हे माहीत असू द्या. आमच्याकडे 'ऐच्छिक देणगी' नावाने जास्त मागून पाहिले. आम्ही लेखी मागा म्हटलं, विषय संपला.

रिडेव्हलपमेंटचं गाजर दाखवू नका. २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आधी ७५ लागायची, त्यामुळे प्रत्येक जुन्या सोसायटीत काहीतरी चर्चा चालूच असते. चर्चा असेल तर चर्चा आहे म्हणा, बिल्डर नेमलाय म्हणू नका. सभेचं इतिवृत्त मागणारे लोक असतात.

राहिला रंग. साधा पांढरा डिस्टेंपर मारा, आमचे २८ हजार झाले. पण दाखवायला सुरुवात करायच्या निदान महिनाभर आधी मारा. ताज्या रंगाचा वास आला की लोक भिंती जास्तच ठोकून बघतात. त्याहून जास्त उपयोग झाला तो पसारा काढल्याचा: माळ्यावरची पिंपं, बॉक्स ग्रिलमधल्या रिकाम्या कुंड्या, बाबांची पेपरची रद्दी. खोली दोन फुटांनी वाढल्यासारखी दिसते.

घर शेवटी त्या पोळ्या लाटणाऱ्या मुलीनेच घेतलं. तीन वेळा येऊन गेले, एकदा मुद्दाम रात्री दहाला, खाली गाडी लावायला जागा असते का बघायला. २०२३ च्या पाडव्याला टोकन दिलं. आम्ही तीन लाख खाली आलो. किल्ली घेताना सासूने आईला विचारलं, "त्या छताच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या नेणार का हो तुम्ही?" आई म्हणाली, राहू देत, काठीपण राहू दे. पंधरा दिवसांनी पत्रं आणायला गेले तर दांड्या आणि काठी जागच्या जागी होत्या आणि आमचा पांढरा रंग खरवडून हॉल पिस्ता कलरचा झाला होता.