न्यूरोसर्जन व्हायचंय ते तिला की तुम्हाला?

तुमच्या पत्रात मुलीच्या सराव परीक्षांचे गुण तीनदा आलेत. तिचा प्रश्न मात्र अगदी शेवटी, तोही तक्रारीच्या सुरात: 'गर्भात मेंदू घडताना एकसारख्या पेशींतली न्यूरॉन (चेतापेशी) कोणती होणार हे कसं ठरतं, असलं काहीतरी वहीच्या मागे लिहीत बसते.' त्यावर तुमचं उत्तर, 'आधी न्यूरोसर्जन हो, मग कर काय ते संशोधन.'

त्या 'असलं काहीतरी'ने मला अस्वस्थ केलं. गुण चांगलेच आहेत. पण बारावीतल्या मुलीला असा प्रश्न आपणहून पडतो आणि तो तिला वहीच्या मागच्या पानांवर लिहावा लागतो, हे बरं नाही.

मेंदूचा अभ्यास म्हणजे मेंदूचा डॉक्टर, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. सर्जन घडून गेलेल्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतो; तिला मेंदू घडताना पाहायचाय. सर्जरी शिकण्यात दहाहून जास्त वर्षं जातात आणि त्यात तिचा प्रश्न क्वचितच समोर येतो. काही डॉक्टर उत्तम संशोधन करतात, पण त्यासाठी आधी सर्जन व्हावं लागत नाही.

तिचा प्रश्न किती खोल आहे ते ऐका. न्यूरॉन होऊ लागलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर 'डेल्टा' नावाचं प्रथिन मांडते. ते खेटून असलेल्या पेशीच्या 'नॉच' या प्रथिनाला भिडतं. नॉचचा आतला तुकडा कापला जातो, केंद्रकात जातो आणि 'हेस' जनुकं चालू करतो. ती न्यूरॉन घडवणाऱ्या जनुकांना दाबून धरतात. म्हणजे शेजारणीला निरोप जातो: तू अजून थांब. हा निरोप नसेल तर पेशी घाईने न्यूरॉन होतात, ज्यांपासून न्यूरॉन बनतात त्या मूळ पेशींचा साठा लवकर संपतो आणि पुढच्या न्यूरॉनसाठी पेशीच उरत नाहीत. उंदरांच्या मूळ पेशींत 'हेस१' या त्यांतल्या एका जनुकाच्या प्रथिनाचं प्रमाण दर दोन-तीन तासांनी वरखाली होतं, हे जपानच्या र्‍योइचिरो कागेयामांच्या गटाने दाखवलं. असं अजून पुष्कळ शोधायचं आहे.

वाट नेहमीचीच: मूलभूत विज्ञानाची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, पीएचडी. पुढच्या नोकऱ्या कमी आणि चुरशीच्या आहेत, हेही तिला आत्ताच सांगा.

आज संध्याकाळी ती वही तिच्याकडून मागून घ्या आणि मागचं पान तिलाच समजावून सांगायला लावा. मध्ये गुणांचा विषय काढू नका. पुढचं पत्र तिने लिहावं. प्रवेशाबद्दल मी तिच्याशीच बोलेन.