‘टेस्ट कनेक्शन’चे बटण दाबताच आमच्या सर्व्हरवरील फाइल बाहेर कशी जाऊ शकते?

आपल्या जावामधील अहवाल-सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक स्वतःच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा पत्ता भरतो, आणि तेवढ्यावरून आपल्या सर्व्हरवरील फाइल वाचता येते, असा शेरा सुरक्षा-तपासणीत आला आहे. डेटाबेस ग्राहकाचा असताना फाइल आपली कशी जाते, हा आपला प्रश्न आहे. मी कोल्हापुरात पतसंस्था व साखर कारखान्यांसाठी अशाच प्रकारचे सॉफ्टवेअर तयार करतो. माझ्या मते तो शेरा योग्य आहे.

मायएसक्यूएलमध्ये ‘लोड डेटा लोकल इनफाइल’ ही आज्ञा क्लायंटच्या, म्हणजे जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या (येथे आपल्या), यंत्रावरील फाइल डेटाबेसच्या सर्व्हरला पाठवते. परंतु कोणती फाइल पाठवायची, हे प्रोटोकॉलनुसार (दोघांमधील संवादाच्या ठरलेल्या नियमांनुसार) डेटाबेसचा सर्व्हरच स्वतःच्या उत्तरात सांगतो. प्रामाणिक सर्व्हर क्लायंटने मागितलेलेच नाव परत पाठवतो; मुद्दाम बदललेला सर्व्हर मात्र कोणत्याही साध्या क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) उत्तरात हवे ते नाव पाठवू शकतो, आणि ही सोय चालू असल्यास ड्रायव्हर, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरमधील डेटाबेसशी बोलणारा भाग, ती फाइल निमूटपणे देऊन टाकतो. जोडणी होताच ड्रायव्हर स्वतःहून काही क्वेरी पाठवतो, म्हणून नुसती जोडणीची चाचणीही पुरते. पीएचपीमायअ‍ॅडमिन या ब्राउझरमधून मायएसक्यूएल हाताळण्याच्या साधनामध्ये, कोणत्याही सर्व्हरला जोडण्याची मुभा दिलेली असल्यास, हाच दोष निघत होता. तो जानेवारी २०१९ मध्ये ४.८.५ या आवृत्तीत दुरुस्त झाला.

मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्ये ८.०.१५ पासून ही सोय मुळात बंद असते. पण जोडणीच्या ओळीत, म्हणजे ड्रायव्हरला दिल्या जाणाऱ्या पत्त्याच्या ओळीत, ग्राहकाला स्वतःचे पॅरामीटर (जोडणीचे पर्याय) लिहू दिले, तर तो ‘अलाउ-लोड-लोकल-इनफाइल’ पुन्हा चालू करू शकतो, आणि मग त्या बंद असण्याला काही अर्थ उरत नाही.

येथे बहुतेक जण त्या एका शब्दावर बंदी घालून मोकळे होतात. ही दुरुस्ती मला अजिबात पुरेशी वाटत नाही. ‘अलाउ-लोड-लोकल-इनफाइल-इन-पाथ’ हा वेगळा पॅरामीटर मूळ पर्याय बंद असतानाही दिलेल्या फोल्डरपुरती परवानगी देतो, आणि ते फोल्डर मुळातलेच, म्हणजे नुसती तिरकी रेघ, असू शकते. शिवाय नावातील अक्षरांऐवजी टक्क्याचे चिन्ह व त्यांचा संकेतांक लिहिला, तरी ड्रायव्हर पॅरामीटरची नावे त्या सांकेतिक रूपातून उलगडून घेतो. आपली चाळणी मात्र न उलगडलेला मजकूर तपासत असते. पॅरामीटरसाठी वेगळी चौकट ठेवली नाही, तरी होस्टच्या (सर्व्हरच्या पत्त्याच्या) चौकटीत प्रश्नचिन्हासह पॅरामीटरची सगळी शेपटी लिहिता येते, हे तर हमखास विसरले जाते.

म्हणून जोडणीची ओळ ग्राहकाकडून घेऊच नये. होस्ट, पोर्ट व डेटाबेसचे नाव वेगवेगळे घ्यावे, होस्टमध्ये अक्षरे, अंक, टिंब आणि आडवी रेघ एवढेच चालू द्यावे, पोर्ट अंकांतच असावा, आणि मोजके मान्य पॅरामीटर आपल्या कोडमधूनच जोडावेत. सॉफ्टवेअर कमी अधिकाराच्या खात्याखाली चालवणे चांगलेच, पण ज्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आपला पासवर्ड आहे, ती त्या खात्याला वाचावीच लागते. त्यामुळे तेवढ्याने ती फाइल सुरक्षित राहत नाही. त्यापेक्षा फायरवॉलवर बाहेर जाणाऱ्या जोडण्या ग्राहकांच्या ठरलेल्या पत्त्यांपुरत्या मर्यादित कराव्यात.